गोल्फमध्ये चालते, मग भरतीत का खुपते?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. उत्तर नागपुरात एका विहाराच्या वरच्या मजल्यावर आम्ही अभ्यासिका चालवतो. दोन कूलर, त्यातला एक बंद, आणि स्पर्धा परीक्षा देणारी चाळीसेक मुले-मुली. महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी माणसाला बोलवायचा आमचा प्रघात आहे. त्या रविवारी एक निवृत्त अधिकारी आले होते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. अभ्यासिकेच्या पुस्तकांसाठी त्यांनी पदरचे पैसे दिले आहेत. म्हणून नाव लिहीत नाही, नुसते सर म्हणतो.

सर थेट गोल्फच्या मैदानावरून आले होते. टोपी डोक्यावर तशीच. उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि उशिराचे कारण सांगता सांगता तिथूनच भाषणाला सुरुवात केली. सकाळी क्लबातला एक सामना ते हरले होते. "कसा हरलो ते ऐका. समोरच्याला माझ्या निम्माही खेळ येत नाही. पण नियम असा की त्याला बारा फटके फुकट द्यायचे! मी चार फटक्यांत चेंडू घातला, त्याने पाच घेतले, तरी कार्डावर बरोबरी. म्हणजे गोल्फमध्येही आरक्षण घुसले बघा."

मुले हसली. पाहुणा हसला की हसायचे असते, एवढे त्यांना कळते. मग सर गंभीर झाले. कुबड्या फेका म्हणाले. मेरिटला पर्याय नाही म्हणाले. ज्याला स्वतःवर विश्वास आहे तो फॉर्ममधला तो रकाना भरतच नाही, असेही म्हणाले. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, तुमच्यापेक्षा चांगला खेळणारा समोर आला तर?"

"तर मी त्याच्याकडून घेतो."

"किती?"

"मागच्याच आठवड्यात आठ घेतले."

"मग ते पण फुकटच का, सर?"

या वेळी मुले हसली ती वेगळी. सरही हसले, "हुशार आहेस" म्हणाले, पाणी प्यायले आणि विषय चालू घडामोडींकडे वळवला.

आम्ही आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. एम.ए.ला समाजशास्त्र शिकलो, त्यातही गोल्फ नव्हता. पण त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून या खेळाचे नियम वाचायला घेतले. वाचून झाल्यावर आमचे मत असे झाले की देशातल्या तमाम मेरिटवाद्यांना गोल्फचे हे नियम सक्तीने वाचायला लावले पाहिजेत. गंमत ही की त्यांच्यातले बरेच जण हे नियम रोज सकाळी पाळतात. फक्त क्लबाच्या फाटकाबाहेर पडले की विसरतात.

आधी हिशेब समजून घेऊ. मॅच प्ले म्हणजे एकास एक सामना. यात एकूण फटके मोजत नाहीत. प्रत्येक होल हा स्वतंत्र डाव. ज्याने कमी फटक्यांत चेंडू घातला, तो होल त्याचा. १८ होल झाले की ज्याच्याकडे जास्त होल तो जिंकला. हौशी खेळाडूंमध्ये कुणी वीस वर्षे खेळतो आहे, कुणी दोन. दोघांना सरळ भिडवले तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून प्रत्येकाला त्याच्या आधीच्या फेऱ्यांवरून एक आकडा देतात, त्याला हँडिकॅप म्हणतात. सरांचा १०, प्रतिस्पर्ध्याचा २२. फरक १२. तर क्लबाच्या कार्डावर होलांची जी क्रमवारी छापलेली असते, तिच्यातल्या पहिल्या १२ होलांवर त्या प्रतिस्पर्ध्याला प्रत्येकी एक फटका वजा मिळतो. बाकीच्या सहा होलांवर दोघे सारखे. आता त्या मुलीला कबूल केलेले आठ फटके बघा. समोरच्याचा हँडिकॅप २, सरांचा १०, फरक ८. तोच नियम, तोच माणूस. द्यायची वेळ आली की आरक्षण, घ्यायची वेळ आली की खेळाची शान.

हँडिकॅप म्हटले की आपल्याकडे अपंगत्व आठवते आणि त्यापाठोपाठ कुबडी येते. पण हा शब्द तिथून आलेला नाही. इंग्लंडात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक जुना खेळ होता. त्यात टोपीत हात घालून सौदा ठरवायचा, आणि दोन वस्तूंच्या किमतीत जो फरक असेल तो किती भरून द्यायचा हे तिसरा पंच सांगायचा. तिथून शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. तिथे हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर ठेवलेले जादा वजन. आजही मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅपच्या शर्यती याच तत्त्वावर लागतात. म्हणजे मुळात ही दुबळ्याची कुबडी नव्हतीच, बलवानावर टाकलेला भार होता. अपंगत्वाचा अर्थ त्याला खूप नंतर चिकटला.

सभागृहात सर थट्टेने बोलले, पण जिना उतरताना त्यांनी आम्हाला एक खरा मुद्दा सांगितला. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणाले, "मॅच प्लेमध्ये कच्च्या खेळाडूचा आणखी एक फायदा असतो. एखाद्या होलवर त्याने नऊ-दहा फटके घेतले तरी त्याचा एकच होल जातो. पण ते नऊ-दहा फटके त्याचा हँडिकॅप वाढवायला मोजलेले असतात. म्हणजे बिघडला तर शिक्षा एकाची, भरपाई मात्र सगळ्याची." ऐकताना पटण्यासारखे आहे. आम्ही नियम पाहिला. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली आहे, आधी सहा वेगवेगळ्या होत्या. तिच्यात प्रत्येक होलच्या नोंदीला वरची मर्यादा आहे: त्या होलचे ठरलेले फटके, अधिक दोन, अधिक खेळाडूला तिथे मिळणारा फटका. चार फटक्यांच्या होलवर एक फटका मिळणाऱ्याने दहा घेतले तरी हँडिकॅपच्या हिशेबात सातच धरतात. बाकीचे तीन त्याचे त्यालाच लखलाभ. सरांची तक्रार नियम करणाऱ्यांनी आधीच ऐकलेली होती.

उलट आम्हाला जे सापडले ते सर सांगायचे विसरले. हँडिकॅप हा खेळाडूच्या सरासरीवरून काढतच नाहीत. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्या घेतात आणि त्यांची सरासरी धरतात. बाकीच्या १२ बाजूला. म्हणजे तुमच्या चांगल्या दिवसाचा आकडा हाच तुमचा आकडा. आता कच्च्या खेळाडूचा खेळ जास्त वर-खाली होतो. त्याचा चांगला दिवस आणि नेहमीचा दिवस यांत अंतर मोठे, पक्क्या खेळाडूच्या बाबतीत थोडे. म्हणून पूर्ण फरकाचे फटके देऊनही पारडे किंचित पक्क्याकडेच झुकलेले राहते. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत तर २० पैकी चांगल्या १० फेऱ्यांची सरासरी काढून तिचे ९६ टक्केच धरायचे. त्या कपातीला ते उघडपणे ‘बोनस फॉर एक्सलन्स’ म्हणायचे. फ्रान्सिस शीड नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकातच हिशेब मांडून दाखवला होता की सामन्यात कच्च्या खेळाडूला पुरेसे फटके मिळतच नाहीत. बारा फटके देऊनसुद्धा त्या दिवशी गणित सरांच्याच बाजूने होते. तरीही ते हरले, कारण समोरचा त्या दिवशी त्याच्या चांगल्या दिवसासारखा खेळला. यालाच मेरिट म्हणायचे ना?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. फटक्यांपेक्षाही महत्त्वाचे असे काहीतरी या पद्धतीत आहे. गोल्फवाले आधी मैदान मोजतात, मग माणूस.

प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग, म्हणजे अव्वल खेळाडूला तिथे किती फटके लागावेत. दुसरा स्लोप रेटिंग. हा आकडा सांगतो की तेच मैदान साधारण खेळाडूला अव्वल खेळाडूच्या तुलनेत किती जास्त अवघड जाते. तो ५५ पासून १५५ पर्यंत असतो आणि मध्यम मैदानाचा ११३ धरतात. पुन्हा वाचा: एकच मैदान, एकच तळे, एकच वाळूचा खड्डा, पण दोघांसाठी ते सारखे नाही. अव्वल खेळाडूचा चेंडू तळ्यावरून उडून जातो. साधारण खेळाडूचा त्यात बुडतो. तळे दोघांच्या वाटेत आहे म्हणून दोघांना समान संधी, असे गोल्फमध्ये कुणी म्हणत नाही. म्हटले तर क्लबात हसतील.

हिशेब करून पाहू. एका सोप्या मैदानाचे रेटिंग ६९, स्लोप ११३. तिथे एकाने ९० फटके घेतले. दुसऱ्या अवघड मैदानाचे रेटिंग ७२, स्लोप १३५. तिथे दुसऱ्याने ९५ घेतले. गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला खेळ, तेव्हा नुसते पाहिले तर ९० वाला सरस. पण नियम काय सांगतो? फटक्यांतून रेटिंग वजा करा, ११३ ने गुणा, स्लोपने भागा. पहिल्याचा आकडा आला २१. दुसऱ्याचा १९.३. म्हणजे ९५ वाला सरस ठरला! कुणी कोर्टात गेले नाही, कुणी मोर्चा काढला नाही, गुणवत्तेचा खून झाला म्हणून कुणी अग्रलेख लिहिला नाही. ९० आणि ९५ हे आकडे मैदानाचे नाव घेतल्याशिवाय निरर्थक आहेत, हे तिथे लहान मुलालाही शिकवतात.

आता सिताबर्डीच्या आसपास जा. कोचिंगचे फलक लागलेले असतात, हसऱ्या मुलांचे फोटो, फोटोखाली गुण. गुणांखाली मैदान कधी छापलेले पाहिले आहे? आई-वडील दोघे डॉक्टर, घरात एसी, दोन वर्षे कोचिंग, इंग्रजी पहिलीपासून, असे कुठल्या फलकावर आहे? आणि टेकडीच्या उताराला झोपडपट्टीत राहणारी, सकाळी टँकरच्या रांगेत उभी राहून मग अभ्यासिकेत येणारी आमची मुलगी वीस गुण मागे राहिली, तर त्या वीस गुणांवर देशभर चर्चा. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. पियरे बोर्द्यूने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. गोल्फवाल्यांनी तेच एका भागाकारात बसवले आणि दर रविवारी वापरतात.

असे काही परीक्षेत करता येत नाही, हेही खरे नाही. दिल्लीच्या जेएनयूत मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना आणि मुलींना प्रवेशात काही गुण वाढवून द्यायची पद्धत बरीच वर्षे होती. तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या ७.५ टक्के जागा ठेवल्या. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट पीजीच्या प्रकरणात ओबीसी आरक्षण कायम ठेवताना हेच सांगितले की परीक्षेतला आकडा म्हणजे मेरिट नव्हे, त्यामागची सामाजिक परिस्थिती बघावी लागते. न्यायमूर्ती गोल्फ खेळतात की नाही माहीत नाही.

बाबासाहेबांनी तर हा हिशेब १९३६ सालीच मांडला होता. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले ते भाषण, ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात ते म्हणतात की माणसाची कुवत तीन गोष्टींवर ठरते: शरीराचा वारसा, समाजाने आणि घराने दिलेला वारसा, आणि स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांत फरक असेल तर वागणुकीत फरक करा, एक वेळ समजू शकते. पण पहिल्या दोन गोष्टींवरून निवड केलीत तर ज्याच्यामागे घराणे, शिक्षण आणि पैसा आहे तोच जिंकणार. ती लायकांची निवड नसेल, सोय असलेल्यांची असेल. सुरुवात करतानाच जितके शक्य तितके समान वागवा, हा त्यांचा आग्रह होता. कोर्स रेटिंगवाल्यांनी बाबासाहेब वाचले नसतील, पण पोचले तिथेच.

इथे आपल्याच लोकांशीही थोडे भांडायचे आहे. आरक्षण म्हणजे गोल्फचा हँडिकॅप, अशी एक सोपी तुलना आपल्यातलेही काही जण करतात. टाळ्या मिळतात. आम्हाला ती अर्धीच मान्य आहे. गोल्फचा फटका खेळ कच्चा आहे म्हणून मिळतो. आरक्षण आपण कच्चे आहोत म्हणून मिळालेले नाही. आपल्याला शतकानुशतके मैदानाबाहेर ठेवले म्हणून ते आहे. ते सत्तेतले, प्रशासनातले, ज्ञानातले प्रतिनिधित्व आहे, कुणाच्या बुद्धीतली तूट भरून काढायची सवलत नाही. आपणच जर ‘आम्हाला फटके द्या’ अशी भाषा वापरली, तर ‘तुम्ही कच्चे’ हे समोरच्याचे म्हणणे आपण आपल्या तोंडाने मान्य करतो. तेव्हा तुलना करायचीच असेल तर फटक्याशी करू नका, स्लोपशी करा. स्लोप खेळाडूबद्दल काहीच बोलत नाही. तो फक्त जमिनीबद्दल बोलतो.

आणि फाटकाचे काय? हँडिकॅपची ही सुंदर न्यायव्यवस्था कुणाला मिळते? जो क्लबाचा सभासद आहे त्यालाच. सभासदत्वाशिवाय अधिकृत हँडिकॅप नाही. सरांची बॅग खांद्यावर घेऊन नागपूरच्या उन्हात १८ होल चालणारा कॅडी रोज मैदान मोजतो, कुठे वारा कसा वाहतो ते सरांना सांगतो, चेंडू शोधून देतो. पण त्याचा आकडा कुठल्याच वहीत नाही. काही क्लबांत आठवड्यातून एखादा दिवस कॅडींना खेळू देतात, तेवढेच. अली शेर दिल्लीचा कॅडी होता. त्याने १९९१ आणि १९९३ अशी दोनदा इंडियन ओपन जिंकली. बंगळुरूचा मुनियप्पा कॅडीच होता, त्याने २००९ साली जिंकली. हे दोघे फटके मागायला गेले नव्हते. कसेबसे फाटक उघडले, एवढेच झाले.

हे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. पळवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामे करायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. चांभाराच्या मुलाच्या हाती बॅट मात्र दिली जात नव्हती. नंतर हिंदूंच्या संघात आले, तर चहाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचा भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. बाळूंचे मेरिट कमी पडले होते काय? (पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, ते दुःख वेगळे.)

सरांसारखी मंडळी यावर एक ठरलेला प्रश्न विचारतात. हँडिकॅप प्रत्येक फेरीनंतर नव्याने काढतात, खेळ सुधारला की फटके कमी होतात, मग आरक्षण कधी संपणार? प्रश्न चांगला आहे. पण मग नियम पूर्ण वाचा. खेळाडूचा आकडा बदलतो तसा मैदानाचाही बदलतो. प्रत्येक मैदान निदान दर दहा वर्षांनी पुन्हा मोजलेच पाहिजे, असा त्याच पद्धतीचा दंडक आहे. झाडे वाढतात, खड्डे बुजतात, नवे खोदले जातात. आता सांगा, या देशात जातीचे मैदान शेवटचे पूर्ण कधी मोजले? १९३१ साली, इंग्रजांच्या राज्यात. २०११ च्या पाहणीत जाती विचारल्या, पण ते आकडे जाहीर केले नाहीत. शेवटी ३० एप्रिल २०२५ रोजी सरकारने येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचे जाहीर केले. नव्वदीच्या वर वर्षे मैदान मोजायचे नाही आणि खेळाडूला मात्र रोज विचारायचे, तुझे फटके कधी कमी होणार? मैदान आधी नीट मोजा. सपाट झाल्याचे दिसले की आम्हीच सांगू, स्लोप बदला.

शिवाय फटका कार्डावर असणे आणि खेळायला मिळणे यांतही फरक आहे. मॅच प्लेमध्ये सामना चौदाव्या होललाच निकाली निघाला, तर सतराव्या होलवर छापलेला फटका तसाच राहून जातो. म्हणून फटके सगळे शेवटी साठू देऊ नका, १८ होलांवर पसरून ठेवा, असे मार्गदर्शनच आहे. आपल्याकडे काय होते? जागा राखीव असते, मुलाखतीनंतर ‘योग्य उमेदवार नाही’ असा शेरा येतो, जागा रिकामी. मग अनुशेष. मग ते पदच कंत्राटी. होलच बुजवून टाकला, आता फटका घेऊन कुठे जायचे? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने वरच्या ४५ पदांसाठी थेट भरतीची जाहिरात काढली, तिच्यात आरक्षण नव्हते. ओरड झाली तेव्हा तीन दिवसांत मागे घेतली. ओरड झाली नसती तर?

खोट्या दाखल्यांबद्दलही बोलले पाहिजे. गोल्फमध्ये मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणारे असतात, त्यांची तिथे फार बदनामी असते. आपल्याकडे दुसऱ्याच्या जातीचे दाखले काढून नोकऱ्या लाटणारे आहेत. त्यासाठी महाराष्ट्राने जात पडताळणीचा कायदा केला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की असा दाखला अवैध ठरला की त्यावरची नोकरी टिकत नाही. आम्ही त्याच्या पूर्ण बाजूने आहोत. ज्यांचे फटके चोरीला जातात ते आपणच. पण चोर सापडला म्हणून हँडिकॅपच रद्द करा, असे गोल्फवाले म्हणत नाहीत. ते चोराला बाद करतात.

याच नियमाचा दुसरा भाग वाचला आणि आम्ही पुस्तक मिटून ठेवले. गोल्फच्या नियमांत तिसऱ्या क्रमांकाच्या नियमाचा एक भाग मॅच प्लेचा आहे. सामन्याआधी दोघांनी एकमेकांना आपला हँडिकॅप सांगायचा. खऱ्यापेक्षा जास्त सांगितला आणि त्यामुळे फटक्यांची संख्या बदलली, तर खेळाडू बाद. खऱ्यापेक्षा कमी सांगितला तर शिक्षा काही नाही. फक्त तो कमी आकडाच धरून खेळायचे. हक्काचे उरलेले फटके गेले.

त्या रविवारी तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा होता. बाप रंगकाम करतो, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. अभ्यासिका उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसणारा. सरांचे शब्द त्याने वहीत लिहून घेतले होते, ते आम्ही नंतर पाहिले. ज्याला स्वतःवर विश्वास आहे तो रकाना भरत नाही. दोन महिन्यांनी एका सरळसेवा भरतीचा फॉर्म आला. त्याने कुणाला न विचारता अराखीव म्हणून भरला. फीसुद्धा जास्तीची भरली. यादी लागली तेव्हा खुल्या यादीत तो तीन गुणांनी मागे होता. अनुसूचित जातीच्या यादीतल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा त्याला गुण जास्त होते.

तो रकाना भरला असता तर त्याचा विश्वास कमी झाला असता काय? मंडल खटल्याच्या १९९२ च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की राखीव प्रवर्गाचा उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेला पात्र ठरला तर त्याची निवड खुल्यातच धरायची, राखीव कोट्यात नाही. गोल्फच्या स्पर्धांतही फटके वजा करून एक बक्षीस असते आणि वजा न करता दुसरे. हँडिकॅप सांगणाऱ्याला दुसरे बक्षीस जिंकायला कुणी मनाई करत नाही. आमच्या मुलाला दोन्ही दारे उघडी होती. त्याने एक स्वतःच्या हाताने लावून घेतले, कारण एका मोठ्या माणसाने त्याला सांगितले की ते दार लाजेचे आहे.

आम्हीही दोषी आहोत. सर बोलत होते तेव्हा आम्ही पाहुण्यांचा मान म्हणून गप्प बसलो. जे बोलायला हवे होते ते एका एकवीस वर्षांच्या मुलीने बोलून दाखवले, आणि तेही अर्धेच, कारण सरांनी विषय बदलला.

निकालानंतर त्याची आई अभ्यासिकेत आली होती. रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, "साहेब, यानं फॉर्म भरताना तुम्ही बसाल का आता सोबत?" आम्ही सरांनाही फोन केला. सगळे सांगितले. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग त्यांनी विचारले, "किती गुणांनी गेला?" तीन म्हटले. सर म्हणाले, पुढच्या रविवारी येतो, गोल्फ सोडून येतो, त्याला थांबायला सांगा.

नव्या भरतीचा फॉर्म काल भरला. तो मोबाइलवर टाइप करत होता, आम्ही बाजूला बसलो होतो. प्रवर्गाच्या रकान्यापाशी तो थांबला नाही. जात पडताळणीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक तोंडपाठ होता त्याला.